फोमबोर्डचं विमान, सांगलीत मिळणाऱ्या सामानातून

5 जानेवारी 2025

रिमोटवर उडवायच्या विमानाचा आराखडा पक्का झाला. पंख टोकापासून टोकापर्यंत एक मीटर, रुंदी 20 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ 20 चौरस डेसिमीटर. धड 72 सेंमी. पुढे ब्रशलेस मोटर आणि रिमोटवर तीनच कामं: मोटरचा वेग, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडव्या शेपटीची फळी), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभ्या शेपटीची फळी). एलरॉन, म्हणजे विमान कुशीवर झुकवणाऱ्या पंखावरच्या फळ्या, नकोत. विमान मी आणि माझी नववीतली भाची मिळून करणार आणि दोघंही त्याच्यावरच शिकणार. त्यामुळे ते संथ हवं, आणि रिमोटची काठी सोडली की आपणहून सरळ होणारं हवं.

एक अट वहीच्या पहिल्याच पानावर लिहिली. मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, बॅटरी, रिमोटचा इशारा घेणारा रिसीव्हर आणि रिमोट एवढंच पुण्याहून मागवायचं. बाकी विमानातलं जे जे मोडू शकतं ते सगळं सांगलीत, दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली की मिळालं पाहिजे. शिकाऊ विमान पडतंच. पडल्यावर आठवडाभर पार्सलची वाट बघावी लागली तर शिकणं तिथेच थांबतं. डेप्रॉनचा फेस आणि बाल्साचं लाकूड दोन्ही गुणी सामान, हलकं आणि ताठ. पण रविवारी मोडलं तर सोमवारी हरभट रोडला ते मिळणार नाही, म्हणून बाद.

8 जानेवारी

माझं दुकान फ्लेक्स, व्हिनाइल आणि बोर्डांचं, त्यामुळे शीटसाठी बाहेर जायची गरज पडली नाही. शिल्लक शीटचे फूट बाय फूट तुकडे कापले आणि घरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर ठेवले. 3 मिमी सनबोर्ड 141 ग्रॅम. 5 मिमी फोमबोर्ड 45 ग्रॅम. जाडीला जास्त असून वजनाला तिसरा हिस्सा. थर्माकोल याहूनही हलका, पण तो घडी घेत नाही आणि कडेला दाणे सुटतात.

सनबोर्ड हा पीव्हीसीचा, बाहेर लावायच्या पाट्यांसाठी उत्तम. फोमबोर्ड म्हणजे पॉलिस्टायरीनचा फेस आणि दोन्ही बाजूंना कागद. दुकानात मागताना हा फरक सांगूनच मागायचा, नाहीतर सनबोर्ड हातात येतो आणि मग विमान जमीन सोडत नाही.

भाचीने शीट हातात घेऊन वाकवून बघितली. "मामा, हे एवढं वाकतंय, मग पंख वाकणार नाही का?" मग एका तुकड्याचा एका बाजूचा कागद सोलून तिच्या हातात दिला. तो तुकडा लगेच वाकला. दोन्ही कागद असताना वरचा दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधला फेस त्या दोघांना फक्त एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. ताकद सगळी कागदाची. म्हणजे जिथे ताण येणार तिथला कागद कापायचा नाही, आणि जिथे ताण नाही तिथला खुशाल सोलायचा. सोललेल्या कागदाचं वजन भरलं फूट बाय फूटला 11 ग्रॅम. चौथा हिस्सा वजन कागदाच्या एका थरात आहे. हे कळल्यावर आराखड्यात कुठला कागद राहील आणि कुठला जाईल याच्या खुणा केल्या.

12 जानेवारी

डिंकांची परीक्षा. दुकानात बोर्ड चिकटवायला आम्ही जे पिवळं रबर सोल्युशन वापरतो त्याचा एक थेंब कागद सोललेल्या फेसावर टाकला. थेंब पसरला, कडेने चकाकला, आणि बघता बघता फेस खाली बसत गेला. मिनिटाभरात करंगळीचं टोक मावेल एवढा खड्डा, तळाशी फक्त मागचा कागद. पॉलिस्टायरीन सॉल्व्हंटमध्ये विरघळतं ते असं. इन्स्टंट ग्लूनेही तसंच झालं, जरा कमी. स्प्रे पेंटलाही हाच धोका.

टिकले दोन: ग्लू गनचा गरम डिंक आणि पांढरा फेविकॉल. गरम डिंक अर्ध्या मिनिटात धरतो पण जड आहे. एका जाड काडीचं वजन 18 ग्रॅम भरलं. फेविकॉल हलका, पण दोन कागदांमध्ये हवा लागत नाही म्हणून रात्रभर दाबून ठेवावा लागतो. ठरलं असं: मोठे पृष्ठभाग फेविकॉलने, कडा आणि सांधे गरम डिंकाने.

15 जानेवारी

वजनाचा हिशेब. मोटर 52, ईएससी 25, 2200 एमएएचची तीन सेलची लायपो बॅटरी 178, रिसीव्हर 15, एलिव्हेटर आणि रडर हलवणारे दोन सर्व्हो 18, मोटरवरचा पंखा (प्रोपेलर) 12. झाले बरोबर 300 ग्रॅम. यातलं काहीच माझ्या हातात नाही. फोमबोर्ड 250, डिंक, टेप, कामट्या, स्क्रू मिळून 60. एकूण 610. वरची मर्यादा 700 धरली.

700 कशावरून? पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर किती ग्रॅम येतात ते बघायचं. 700 भागिले 20 म्हणजे 35. शिकाऊ विमानाला हे ठीक. याच्या वर जसजसं जाऊ तसतसं हवेत तरंगत राहायला जास्त वेग लागतो, आणि नवशिक्याच्या हाताला विचार करायला वेळ उरत नाही. हलकं विमान पडतं तेव्हाही हळू पडतं, कमी मोडतं. वजन वाचवणं आणि दुरुस्ती वाचवणं हे एकच काम आहे.

19 जानेवारी

आजचा पूर्ण दिवस पंखाचा.

पंखाचा आकार पायरीचा घेतला. खाली पूर्ण 20 सेंमी रुंदीची शीट, आणि तिच्या वर पुढच्या अर्ध्या भागात, म्हणजे 10 सेंमीपर्यंत, दुसरी शीट चिकटवायची. मध्यावर 5 मिमीची पायरी पडते. अमेरिकेत क्लाइन आणि फोगलमन या दोघांनी कागदी विमानातून सुचलेल्या या पंखाचं पेटंट घेतलं होतं. मोठ्या विमानांना त्याचा उपयोग झाला नाही, कारण पायरीमागे हवा घोळते आणि हवेचा अडथळा वाढतो. पण आपल्या आकाराला आणि वेगाला तो पंख गुणाचा ठरतो. स्टॉल, म्हणजे पंखाची उचल जाणं, एकदम न होता हळूहळू होतो, पुढची कड दुहेरी झाल्याने ठोकर सोसते, आणि गोलाई आणायला साचा लागत नाही. स्टील पट्टी आणि कटर एवढ्यावर पंख तयार.

पंख मधोमध एका बाजूने अर्धा कापला. दुकानात व्हिनाइलला हाफ कट म्हणतो तसाच: वरचा कागद आणि फेस कापायचा, खालचा कागद अखंड ठेवायचा, फक्त इथे काप दोन बाजूंनी तिरका, V सारखा, म्हणजे टोकं वर उचलायला जागा राहते. मग दोन्ही टोकं 5-5 सेंमी उचलून खाली पुस्तकं सारली आणि मधली फट गरम डिंकाने भरली. 50 सेंमीच्या अर्ध्या पंखाचं टोक 5 सेंमी उचललं की कोन साधारण पावणेसहा अंश होतो.

हा कोन या विमानाचा जीव आहे. आपल्याकडे एलरॉन नाहीत, म्हणजे विमान कुशीवर झुकवायचं थेट साधन नाही. रडरने नाक डावीकडे वळवलं की उजवा पंख पुढे येतो आणि हवा त्याच्यावर जरा तिरकी येते. पंख वर उचललेला असल्यामुळे त्या तिरक्या हवेशी उजव्या पंखाचा कोन वाढतो, डाव्याचा कमी होतो. उजवीकडे उचल जास्त, डावीकडे कमी, विमान डावीकडे झुकतं आणि वळण घेतं. सपाट पंख ठेवला असता तर रडर दिल्यावर ते नाक वाकडं करून तसंच घसरत गेलं असतं. काठी सोडल्यावर सरळ होण्याचं कामही हाच कोन करतो.

पंखाच्या पोटात, पायरीच्या दोन शीटमध्ये, बांबूची कामटी घातली. पतंगवाल्याकडे मिळते तीच, जरा जाड. वरच्या शीटच्या कडेपलीकडे फेविकॉल येऊ नये म्हणून मास्किंग टेप लावला आणि वरून दुकानातली फ्लेक्सची गुंडाळी ठेवून रात्रभर दाबलं.

24 जानेवारी

पार्सल आलं. ए2212, 1000 केव्हीची मोटर, 30 अँपिअरचा ईएससी, फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा रिमोट. सर्व्हो मात्र इथलेच. वालचंद कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी जिथून सामान घेतात त्या दुकानात 9 ग्रॅमचे सर्व्हो कायम असतात. आत प्लॅस्टिकचे दात आहेत, ते तुटतात, म्हणून ते सांगलीत मिळतात ही गोष्ट महत्त्वाची.

26 जानेवारी

झेंडावंदन करून भाची थेट दुकानावर आली. आज शेपूट.

आडवी शेपूट 40 बाय 11 सेंमी, म्हणजे 440 चौरस सेंमी, पंखाच्या 22 टक्के. एलिव्हेटरची बिजागरी कागदाचीच. वरचा कागद न कापता खालून फेसात 45 अंशांचा तिरका काप घेतला म्हणजे एलिव्हेटर खाली जायला जागा होते. कापाच्या वेळी पातं नवं हवं. बोथट पातं फेस कापत नाही, ओढतं, आणि कडेला गोळ्या येतात. कागदाने धार लवकर जाते, म्हणून दर दोन-तीन कापांनंतर पात्याचं टोक मोडून नवं घ्यायचं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

एलिव्हेटर-रडरवर बसणारे छोटे कान, म्हणजे हॉर्न, जुन्या प्लॅस्टिक कार्डाचे कापले. सर्व्होपासून हॉर्नपर्यंत जाणारे पुशरॉड बारीक कामटीचे, टोकांना जीआय तार दोऱ्याने घट्ट बांधून वर डिंक. सायकलचा आरा सरळ आणि मजबूत असतो, पण दोन आरे घातले तर बारा-तेरा ग्रॅम जातात आणि तेही शेपटीकडे, जिथे प्रत्येक ग्रॅमला पुढे दोन-तीन ग्रॅम देऊन तोल सांभाळावा लागतो.

बोर्ड न्यायला आलेला वालचंदचा एक मुलगा काम बघत उभा राहिला. तो मेकॅनिकलचा. "दादा, शेपूट छोटी वाटत नाही का?" म्हणाला. मग त्याच्याशी बसून हिशेब केला. शेपटीचा परिणाम क्षेत्रफळावर जसा तसा पंखापासूनच्या अंतरावरही अवलंबून असतो. धड लांब ठेवलंय म्हणून 22 टक्क्यांत भागतं. तो गेल्यावर भाचीला सांगितलं, की त्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तीच आजची एचएएल. तिला हे माहीत नव्हतं. सांगलीच्या पोरांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

2 फेब्रुवारी

मोटरची ओढ मोजली. केव्ही म्हणजे पंखा न लावता एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. 1000 केव्ही गुणिले 11.1 व्होल्ट, म्हणजे 11,100. 10 इंची पंखा लावल्यावर फेरे बरेच उतरतात, ते हवा ढकलण्यात खर्च होतात.

काट्यावर वीट, विटेला दीड फुटाचं लाकूड बांधलेलं, लाकडाच्या डोक्यावर मोटर वर तोंड करून. मोटर वर ओढते, काट्यावरचा आकडा तेवढा उतरतो. लाकूड उंच यासाठी, की पंख्याची हवा सरळ काट्यावर आपटली तर आकडा खोटा येतो. भाची दाराआड, माझ्या डोळ्यांवर वेल्डिंगचा साधा पांढरा चष्मा. पूर्ण वेगाला आकडा 780 ग्रॅमने उतरला. विमानाच्या वजनाहून जास्त! शिकाऊ विमानाला वजनाच्या निम्मी-पाऊण ओढ पुरते, तेव्हा आपण बहुतेक वेळ निम्म्या वेगावरच उडवणार.

पंखा काढून फेलसेफ तपासला. मोटर फिरत असताना रिमोट बंद केला, मोटर थांबली. हे झाल्याशिवाय पंखा परत चढवायचा नाही, हा नियम आता कायमचा.

बॅटरी चार्ज करायची ती मातीच्या कुंडीत ठेवून, सगळ्या सेल सारख्या भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, 2.2 अँपिअरच्या वर नाही, आणि खोलीत माणूस असतानाच. भरलेली प्रत्येक सेल 4.2 व्होल्ट. उडवून झाल्यावर 3.5 च्या खाली गेलेली चालत नाही.

5 फेब्रुवारी

जागा आणि कायदा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंत मायक्रो वर्ग, आपलं विमान त्यात येतं. धंद्यासाठी उडवत नसू तर मायक्रोला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. नकाशा बघून घेतला. आम्ही दीडशे फुटांच्या वर जाणारच नाही.

जागा कसबे डिग्रजकडची. ओळखीच्या तात्यांचं उसाचं रान आठवड्यापूर्वी तुटून गेलंय, पाचट अजून रानात पसरलेलं आहे. पोटावर उतरणाऱ्या विमानाला याहून चांगली जागा नाही. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "उडवा की. पर खोडव्याला फुटवं याय लागल्यात, त्येच्यावर पाय देऊ नगा. आन् पाळी चालू असली की येऊ नगा, रान वलं असतंय." पाण्याची पाळी लाईटवर, लाईट कधी रात्रीची कधी दिवसाची. निघायच्या आधी फोन करायचा असं ठरलं.

9 फेब्रुवारी

पूर्ण जोडून वजन केलं: 664 ग्रॅम. अंदाजापेक्षा 54 जास्त, आणि ते जवळजवळ सगळे गरम डिंकाचे. तरी पंखावर 33 ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर, मर्यादेच्या आत. सांगलीची उंची आणि सकाळची हवा धरून हिशेब केला तर तासाला साधारण 27 किमीच्या खाली हे विमान हवेत राहणार नाही.

गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंमीवर, म्हणजे रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. पंखाखाली दोन्हीकडे पेनने खूण केली, त्या खुणांवर दोन बोटं लावून विमान उचललं. शेपूट झुकली. शिसं घालायची गरज नाही, बॅटरी पुढे सरकवली आणि नाक किंचित खाली येईल असं ठेवलं. बॅटरीच्या जागी आत रेघ मारली, दर वेळी तिथेच बसवायची.

पंख धडाला चिकटवलेला नाही, रबरबँडने बांधलाय. ठोकर बसली की रबर ताणतं, पंख सरकतो, मोडत नाही. रबरबँड कोपऱ्यावरच्या भुसार दुकानातले. उन्हाने ते कडक होतात, म्हणून दर रविवारी नवे.

रानात मोटर बंद ठेवून नुसतं फेकून बघितलं. खांद्याच्या उंचीवरून, वाऱ्याच्या तोंडाला, सरळ समोर. वर फेकायचं नाही. पाचटावर विमान सुळकन तरंगत जाऊन बसलं, उजवीकडे जरासं ओढत होतं ते रडरच्या ट्रिमने, म्हणजे रिमोटवरून रडरची मधली जागा किंचित सरकवून, गेलं.

16 फेब्रुवारी

उडालं.

सकाळी सात. नदीकडून धुकं होतं, ते वर चढेपर्यंत थांबलो. काठीला बांधलेली व्हिनाइलची पट्टी लोंबत होती, वारा नाहीच. रिमोट माझ्याकडे, विमान भाचीच्या हातात, पंखाच्या मागे पोटाला धरलेलं. मोटर पाऊण वेगाला नेली. ती दोन पावलं पळाली आणि सोडलं.

हात सुटल्यावर ते किंचित खाली बसलं, मग सावरलं, आणि पुढच्या उभ्या उसाच्या तुऱ्यांच्या वर सहज चढलं. माझा अंगठा एलिव्हेटरवर होता पण काही करावं लागलं नाही. डावीकडे रडर दिला, क्षणभर नाकच वळलं, मग डावा पंख झुकला आणि विमान गोल फिरून आमच्याकडे आलं. कागदावर काढलेला तो पावणेसहा अंशांचा कोन डोळ्यांसमोर काम करताना बघितला! भाची ओरडत पाचटातून पळत होती. तात्या बांधावर बसले होते, ते उठून उभे राहिले.

एक खोड दिसली. मोटरचा वेग वाढवला की नाक वर चढतं, कमी केला की खाली. मोटरची ओढ पंखाच्या खालून जाते, त्यामुळे असं होणारच. रानातच मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंखाली वायसर घातले, मिळून 1 मिमी. मोटर साधारण 3 अंश खाली झुकली. दुसऱ्या उड्डाणात वेग बदलूनही नाक जवळजवळ जागेवर.

उतरवताना मोटर बंद, वाऱ्याच्या तोंडाला, आणि जमीन हातभर उरली की एलिव्हेटर हळूच वर. पाचटात सर्रर आवाज करत थांबलं. काही मोडलं नाही.

18 फेब्रुवारी

उद्या शिवजयंती. दुकानात फ्लेक्सची रांग, मशीन रात्रभर चालू. विमानाला हात लावायला वेळ नाही.

23 फेब्रुवारी

आज उशीर झाला, नऊ वाजून गेले होते आणि पट्टी आडवी फडफडत होती. वारा तासाला पंधराच्या आसपास असावा. 35 च्या वेगाने उडणारं विमान वाऱ्याच्या तोंडाला जमिनीवरून 20 ने सरकतं, पाठीला वारा घेतला की 50 ने. बघणाऱ्याला वाटतं विमान एकदम सुसाट सुटलं. वळणात एक झोत खालून लागला, पंख उभा झाला, आणि ते नाकावर बांधापलीकडच्या नांगरटीत गेलं.

ढेकळांवर नाक पहिल्या बल्कहेडपर्यंत, म्हणजे धडातल्या पहिल्या आडव्या पडद्यापर्यंत, चेपलं. मोटरची प्लायची पट्टी सुटली, पंखा मोडला, एका सर्व्होचे दात गेले. पंखाचे रबरबँड सुटून तो बाजूला पडलेला, त्याला ओरखडा नाही.

संध्याकाळी दुकानात बसलो. चेपलेलं नाक सरळ कापून टाकलं, टेम्प्लेटवरून नवं कापलं, सांध्यावर आतून कामटीचे दोन तुकडे आणि बाहेरून कागदी टेप. प्लाय शेजारच्या फ्रेमवाल्याकडचा. सर्व्हो सोमवारी सकाळी. पंखा जास्तीचा होताच. सोमवारी रात्री विमान परत काट्यावर: 671. सात ग्रॅम दुरुस्तीचे. बॅटरी थोडी मागे घेऊन तोल पुन्हा जागेवर.

यापुढे पट्टी अर्ध्याच्या वर उचलली गेली की उडवायचं नाही.

9 मार्च

भाचीने आज स्वतः फेऱ्या मारल्या. रिमोटवर एलिव्हेटर आणि रडर दोन्हीची हालचाल निम्मी केली आहे आणि 30 टक्के एक्स्पो दिलाय, म्हणजे काठीच्या मधल्या भागात हात थरथरला तरी विमान थरथरत नाही.

अवघड जागा एकच: विमान आपल्याकडे येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. तिला सांगितलं, डावं-उजवं विसर. जो पंख खाली झुकलाय, काठी त्या बाजूला ढकल, पंख वर येईल. दोन-तीन वळणांनंतर ती मोठ्याने बोलायला लागली, "खालचा पंख, खालचा पंख," आणि विमान डोक्यावरून सरळ गेलं. तिने उतरवलंही. जरा लांब, फुटव्यांच्या अलीकडे.

16 मार्च

उसात गेलं. शेजारचा ऊस अजून उभा आहे, दोन पुरुष उंच. वळण मोठं झालं, विमान तुऱ्यांना टेकलं आणि आत गायब.

अशा वेळी सगळ्यांनी धावत सुटायचं नाही. मी जागचा हललो नाही, विमान जिथे दिसेनासं झालं त्या दिशेला हात करून उभा राहिलो. भाची पन्नास-साठ पावलं बाजूला होती, तिनेही तिच्या जागेवरून काठी त्या दिशेला रोवली. दोन दिशांच्या रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे विमान. तात्यांचा मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आत शिरला, कारण उसाचं पात कातडी कापतं. आम्ही दोघं बाहेरून त्याला "जरा डावीकडं, अजून आत" असं सांगत राहिलो. मोटरची काठी शून्यावर ठेवून रडर डावं-उजवं हलवत राहिलो, म्हणजे सर्व्होची चिरचिर ऐकू येते. त्याच आवाजावर त्याने शेवटची चार सरी पार केली.

विमान उसाच्या पानांवर अडकलेलं, जमिनीला टेकलंसुद्धा नाही. काही मोडलं नाही. पण पांढरा पंख हिरव्यात लांबून दिसत नाही हे कळलं. दुकानात येऊन एका पंखाखाली आणि शेपटीवर भगव्या व्हिनाइलचा 12 सेंमीचा पट्टा लावला. पूर्ण पंख झाकला असता तर 30 ग्रॅम वाढले असते, पट्ट्यांनी आठच वाढले. एकाच पंखाला पट्टा असल्याने खालून बघताना कुठली बाजू कुठली हेही कळतं.

30 मार्च

आज पाडवा. सकाळी गुढी उभारून रानात गेलो. खोडवा गुडघ्याला आला आहे, तात्या खत टाकणार आहेत. या रानातलं उडवणं या हंगामापुरतं संपलं. सकाळचा वाराही आता लवकर उठतो. पुढच्या ऊसतोडीपर्यंत दुसरी जागा शोधायची.

बॅटरी प्रति सेल 3.8 व्होल्टवर आणून डब्यात ठेवली. धडाचे, पंखाचे आणि शेपटीचे सगळे आकार 3 मिमी सनबोर्डवर कापून टेम्प्लेट केले आणि दुकानात खिळ्याला लावले. सनबोर्ड झिजत नाही, कटर लावून कितीही वेळा कापलं तरी कड तीच राहते.

याच धडावर रबरबँडने बसेल असा दुसरा पंख करायचा आहे, एलरॉनचा, टोकं कमी उचललेला. भाचीने शीटवर रेघा मारून ठेवल्यात. त्यात दोन सर्व्हो वाढणार, तारांसकट बावीस-तेवीस ग्रॅम. तेवढे डिंकातून कमी करायचे आहेत: पायरीची शीट पूर्ण फेविकॉलने, आणि गरम डिंकाची एका पंखाला एकच काडी.